त्या हायड्रोजनला शेजारी एकच होता

प्रिय बाई,

परवा तिसऱ्या तासाला माझा खडू फळ्यावर थांबला आणि पुढं सरकेना. वर्ग वारणानगरचा, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा, आणि विषय तुमचाच. एकाच रेणूतले दोन दुहेरी बंध उन्हात एकमेकांना धरतात, तेव्हा ते सरळ जोडले गेले की आडवे, हे ओळखायचं कसं? मी सवयीनं लिहीत गेले. जोडावरच्या हायड्रोजनला शेजारी दोन दिसले तर जोडणी सरळ, एकच दिसला तर आडवी. 'एकच' हा शब्द लिहिला आणि मला तुमची हॉस्पिटलमधली खोली आठवली.

मुलांना वाटलं मॅडमना चक्कर आली. एकीनं पाण्याची बाटली पुढं केली. पाणी प्यायले, कसाबसा तास पुरा केला आणि स्टाफरूममध्ये जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले.

बाई, शेवटच्या भेटीत मी तुमच्याशी खोटं बोलले. ते वर्षभर मनात घेऊन फिरतेय. पण ते खोटं तुम्हाला कळलं असेल, तिथल्या तिथं कळलं असेल, हे परवापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. इतकी वर्षं तुमच्या हाताखाली काढून मी एवढी मठ्ठ कशी राहिले?

त्यात उद्या स्मरणिकेचा लेख द्यायचाय. तुम्हाला जाऊन वर्ष होतंय म्हणून तुमचं कॉलेज स्मरणिका काढतंय आणि मला विषय ठरवूनच दिलाय, 'न चुकणाऱ्या बाई'. चार दिवस कागद समोर घेऊन बसले. लेख काही होईना. आधी तुमच्याशी बोलल्याशिवाय तो व्हायचा नाही, म्हणून हे पत्र.

न चुकणाऱ्या म्हणे. तुम्ही असतात तर ज्यानं हे नाव सुचवलं त्याला लॅबभर पळवला असता.

त्यांनी तुमची अंदाजवही उघडून तरी बघितली आहे का? कुठलाही चंबू उन्हात ठेवायच्या आधी त्यातून काय निघणार, ते प्रत्येकानं त्या वहीत काढून खाली सही करायची. पेनानं. पेन्सिल दिसली की तुम्ही ती काढून घ्यायचात. "खोडायची सोय ठेवून अंदाज करतीस व्हय?" निकाल आला की चुकलेल्यानं स्वतःच्या हातानं खाली 'चुकलो' लिहायचं आणि आठवडाभर सगळ्यांची काचेची भांडी धुवायची. त्या वहीत तुमच्या अक्षरातलं 'चुकले' पानोपानी आहे. पदर खोचून बेसिनशी उभ्या राहिलेल्या विभागप्रमुख मी दुसऱ्या कुठल्याच कॉलेजात बघितल्या नाहीत.

आणि चुकलात की किती खुलायचात. अंदाज बरोबर आला तर नुसतं "बरं" म्हणून पुढच्या कामाला लागायचात. चुकला की मात्र खुर्ची ओढून बसायचात, चष्मा कपाळावर सरकवायचात आणि म्हणायचात, "आता मजा हाय." हे सगळं माझ्यासमोर झालेलं आहे. मग त्या दिवशी माझी बुद्धी कुठं गेली होती?

मी चंदगडहून आले तो पहिला आठवडा आठवतो का तुम्हाला? तुम्ही मला लक्ष्मीपुरीत पाठवलंत, पाच किलो बाळंतशेपा आणायला. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय ओ ताई, पाच किलो? घरात बाळंतिणी किती हायत?" मी लालबुंद होऊन पोतं घेऊन आले आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही काम न थांबवता म्हणालात, "सांगायचं की, आख्खी लॅब बाळंत व्हायची हाय."

मग आपण वाफेवर त्याचं तेल काढलं. चार दिवस माझ्या केसांना, ओढणीला, डब्यातल्या भाकरीलासुद्धा शेपूचा वास. तेलातला मुख्य रेणू वेगळा करून चंबूत भरला आणि गच्चीवर ठेवून दिला. दिवाळीनंतर ठेवलेला चंबू शिमग्याला उघडला तर शेपूचा वास गेलेला आणि त्याच्या जागी कापरासारखा काहीतरी. आत एकही नवा पदार्थ घातलेला नव्हता. त्याच रेणूच्या दोन टोकांनी उन्हात एकमेकांना धरलं होतं आणि चार कार्बनचा एक घट्ट चौकोन तयार झाला होता. मी पुन्हा पुन्हा वास घेत राहिले. तुम्ही म्हणालात, "पुरे, नाकात जाईल सगळं." त्या दिवशी मी या विषयात अडकले ती अडकलेच.

पण टोकं एकमेकांना कशी धरतील, हे आधी सांगायचं कसं? त्यासाठी तुम्ही भर वर्गात बाकं मागं सारलीत आणि मला पुढं बोलावलंत. माझी ओढणी आपल्या दोघींच्या कमरेला बांधलीत. आधी आखूड बांधली. समोरासमोर सरळ हात धरायला जागाच उरेना, शेवटी हात आडवे टाकावे लागले, फुगडीत टाकतो तसे. मग ओढणी सैल सोडलीत आणि हात आपसूक सरळ जुळले. "मधे दोन कार्बनचा दोर असला की आडवं. तीनचा असला की सरळ. ध्यानात राहील?" आणि तेवढ्यावर न थांबता आडवे हात धरून दोन गिरक्या घेतल्यात. मी धापा टाकत विचारलं, "बाई, एवढा ताण घेऊन तो रेणू टिकतो कसा?" तुम्ही म्हणालात, "तो टिकतोय. तू आधी तोल सांभाळ."

त्या वर्गातली मुलं आता कुठं कुठं असतील. पण दोन म्हणजे आडवं आणि तीन म्हणजे सरळ, हे त्यातलं कुणी विसरलं नसणार.

पुढं कॉलेजच्या गच्चीला कुलूप लागलं आणि आपले चंबू शिवाजी पेठेत तुमच्या घराच्या गच्चीवर गेले. तिथं शेजारच्या रजियाभाभींच्या मिरच्या आधीपासून वाळत होत्या. कांदालसूण चटणीच्या लाल मिरच्या आणि त्यांच्या मधोमध ओळीनं आपले चंबू. भाभींनी पहिल्या दिवशी विचारलं, "ह्यो कसला काढा वो?" आणि आठ दिवसांत त्याच आपल्याला सांगायला लागल्या, "ते तिसरं पानी आज पिवळं दिसाय लागलंय." खालच्या तालमीतली माणसं पाहुण्यांना गच्चीकडं बोट करून सांगायची की बाई उन्हात औषध करत्यात. तुम्ही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. मी एकदा करायला गेले तर मलाच दटावलंत.

ती गच्ची फार आठवते, बाई. सकाळी नऊला तुम्ही छत्री घेऊन यायचात. छत्री तुमच्यासाठी, चंबूंना ऊन. एकेक चंबू उचलून उजेडात धरायचात आणि भाभींना विचारायचात, "काय म्हणतोय आज?" मला तेव्हा घाई असायची. वारणानगरची एस.टी. गाठायची, तास घ्यायचा. चहा अर्धा टाकून मी जिना उतरायचे. आता चहाही नीट पिता येतो आणि वेळही आहे, पण तुम्ही नाही.

शेवटचा चंबू आपण त्याच गच्चीवर ठेवला. बाळंतशेपातल्या रेणूच्याच घराण्यातला रेणू, पण आपण घडवलेला, मधे तीन कार्बनचा दोर असलेला. तुम्ही वहीत सरळ जोडणी काढलीत, सही केलीत आणि वही माझ्याकडं सरकवलीत. मी आडवी काढली. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत.

"कार्बन मोज."

"मोजले, तीन आहेत."

"मग?"

"पण मागचं कार्बनचं कडं हलत नाही, बाई. ते दोराला सैल सोडतच नाही. दोर तीनचा असला तरी वागणार दोनसारखा."

"हे पुस्तकात कुठं हाय?"

"कुठं नाही. मॉडेल करून बघितलं."

तीन दिवस आपण भांडलो. तुम्ही माझं मॉडेल हातात घेऊन पिरगाळलंत, दोन काड्या मोडल्यात आणि म्हणालात, "बघ, वळतंय की." मी म्हणाले, "मोडल्यावर कुणीही वळेल." तुम्हाला हसू आलं होतं, पण दाखवलं नाहीत. "बरं, कर सही," म्हणालात. मी पेनानं सही केली. त्याआधी तुमच्या विरुद्ध काढलेला माझा एकही अंदाज कधी बरोबर आला नव्हता. एकदा तरी जिंकावं असं मला फार वाटायचं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण तुम्हाला माहीत असणार.

चंबू उतरवला तोवर तुम्ही हॉस्पिटलात होतात. नमुना तपासायला पुण्याला पाठवला. त्यातल्या हायड्रोजनच्या खुणांचा आलेख, स्पेक्ट्रम, आला तो मी एस.टी. स्टँडवर उभी राहून मोबाईलवर उघडला. जोडावरचा तो हायड्रोजन शोधला. शेजारच्या कार्बनवर जितके हायड्रोजन, त्यापेक्षा एक जास्त टोक त्याच्या खुणेला येतं, हे तुम्हीच शिकवलेलं. सरळ जोडणी असती तर शेजारी दोन आणि टोकं तीन दिसली असती. टोकं दोनच होती. शेजारी एक. आडवी जोडणी. मी जिंकले होते, आणि स्टँडवर उभी राहून मला रडू यायला लागलं.

मी सरळ तुमच्याकडं आले. दुपार होती. दारातच भाभी भेटल्या, डबा घेऊन आल्या होत्या. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "चांगलं कायतरी सांग गं त्यास्नी. चार दिस झालं, धड बोलंना झाल्यात." मी आत आले. तुम्ही केवढ्याशा झाला होतात. तरी मला बघून तुम्ही विचारलंत ते निकालाचंच.

"आलं का?"

"आलं, बाई."

"मग?"

काय झालं मला, कोण जाणे. जन्मभर तीन म्हणजे सरळ असं शिकवणाऱ्या बाईंना या पलंगावर सांगायचं की तुमचा नियम इथं मोडला? मला ते जमेना. मी म्हणाले, "सरळच. तुम्ही म्हणत होता तसंच."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडता विचारलंत, "त्या हायड्रोजनला शेजारी किती?"

"एकच," मी म्हणाले.

"एकच?"

"हो बाई, स्वच्छ दिसतंय. एकच."

तुम्ही म्हणालात, "बरं. जा आता, एस.टी. चुकंल."

खोटं बोलताना मी फक्त जोडणीचं नाव बदललं होतं. आकडा बदलायचं सुचलंच नाही. तो स्पेक्ट्रम डोळ्यांपुढं इतका ताजा होता की विचारल्याबरोबर खरं तेच तोंडातून आलं, आणि दुसऱ्यांदा विचारलंत तरी मला उमगलं नाही. हे पहिल्या वर्षाच्या पोरीनंही पकडलं असतं. तुम्हाला तर झोपेतही कळलं असतं.

मग हाक का मारली नाहीत? लेबल न लावलेली एक बाटली दिसली की तीन मजल्यांवरून ओरडणाऱ्या तुम्ही. "ए चंदगडी, इकडं ये," एवढं म्हणायचं होतं. मी आले असते आणि पायाशी बसून सगळं कबूल केलं असतं. तुम्ही एस.टी.ची काळजी का केलीत? माझा तुमच्यावर राग आहे, बाई. तुमच्यावर राग धरायला आता तुम्ही समोर नाही, याचाही आहे.

चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

शोकसभेत प्राचार्य म्हणाले, "बाईंचा अंदाज आयुष्यात कधी चुकला नाही. शेवटचा प्रयोगसुद्धा त्यांच्या म्हणण्याप्रमाणंच झाला. त्यांच्या विद्यार्थिनीनं, रूपानंच मला हे सांगितलं." ते खरंच होतं. ज्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला आणि त्यांनाही मी तेच सांगून टाकलं. एकदा सुरू झाल्यावर थांबणार कुठं? सगळे माना हलवत होते. भाभी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पदर नीट केला. मी खाली बघत राहिले. अंदाजवहीत त्या पानावर निकालाची ओळ मी अजून कोरी ठेवली आहे. तोंडानं खोटं बोलले, पण त्या वहीत लिहायला हात धजावला नाही.

आज रविवार. सकाळी उठून शिवाजी पेठेत गेले. तुमच्या घराला कुलूप आहे. गच्चीवर भाभी मिरच्यांचे देठ मोडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि मीही देठ मोडायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "भाभी, मी बाईंशी खोटं बोलले होते. शेवटच्या भेटीत."

"म्हाईत हाय की," भाभी म्हणाल्या. हात थांबला नाही.

"तुम्हाला कसं माहीत?"

"तू गेलीस आन् बाई हसाय लागल्या. मला वाटलं ठसकाच लागला. पानी फुडं केलं तर नको म्हनल्या. हसत्यात आन् डोळं पुसत्यात. म्हनल्या, भाभी, पोरगी जिंकली बघा. जिंकली, आन् तिलाच ते सांगाय येईना."

माझ्या हातातली मिरची तशीच राहिली.

"मग शोकसभेत तुम्ही गप्प का राहिलात?"

"सायबांनी तुझं नाव घिऊन सांगितलं. भरल्या सभंत तुला खोटं पाडू व्हय?"

"पण भाभी, तुम्हीच दारात म्हणाला होता, चांगलं काहीतरी सांग म्हणून."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "चांगलं सांग म्हनलं हुतं. खोटं सांग म्हनलं न्हवतं. तू जिंकलीस, ह्यापरीस चांगलं काय हुतं गं?"

मी मिरचीच्या हातानं डोळे पुसले, त्यामुळं पुढं किती वेळ कशानं रडत होते ते दोघींनाही कळलं नाही. भाभींनी माठातलं पाणी आणून डोळ्यांवर मारलं आणि वर शिव्या घातल्या.

बाई, तुम्ही हसत होतात तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात होते. दुसऱ्या मजल्यावर पाण्याच्या नळाशी उभी राहून तोंड धूत होते, कुणी बघू नये म्हणून. अंतर ते काय, वीसेक पायऱ्या. तुमचं ते हसणं मी किती वर्षं ऐकलं होतं. खुर्ची ओढून, चष्मा वर करून, आता मजा हाय म्हणत हसणं. शेवटचं मात्र भाभींच्या वाट्याला आलं. दाराशी दोन मिनिटं थांबले असते तर मलाही ऐकू आलं असतं. तुम्ही मला आत बोलावलं असतंत, मी जिंकले म्हणून माझ्या पाठीत धपाटा घातला असतात, आणि मागचं कडं कसं हलत नाही ते मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं असतंत. मला ते सांगायचं होतं, बाई. अजून सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगून तसं होत नाही.

तुम्हाला खरं सोसणार नाही, असं मी धरून चालले. इतकी वर्षं तुमच्यासोबत राहून तुमच्याबद्दल केलेला हा माझा अंदाज, आणि तो साफ चुकला. तुम्ही मला जाऊ दिलंत, कारण मी कशासाठी खोटं बोलतेय तेही तुम्हाला कळलं होतं. एवढं तुम्हाला कळत होतं, तर तुम्ही मला फार आवडता हे कळलं होतं का? तेही कधी तोंडानं सांगितलं नाही.

आता शब्द देते. यापुढं कुणालाही निकाल सांगताना जो आलाय तोच सांगेन, आणि सांगून पळणार नाही. समोर बसून राहीन, माणूस रडो की हसो. उद्या प्राचार्यांकडं जाऊन आधी माझं खोटं कबूल करेन, मग लेखाचं नाव बदलून घेईन. ते नाही म्हणाले तर तिथंच बसून राहीन, हे मी तुमच्याकडूनच शिकले. लेखाचं पहिलं वाक्य मघाशीच लिहून ठेवलंय, पेनानं: आमच्या बाईंचा शेवटचा अंदाज चुकला, आणि त्या पोटभर हसल्या.

तुमची,
रूपा